उपालंभाकडून शपथेकडे : मौलाना आझाद यांच्या वक्तृत्वातील मन वळवण्याची रीत

मौलाना अबुल कलाम आझाद यांचा ११ नोव्हेंबर हा जन्मदिवस २००८ पासून राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळला जातो. त्यानिमित्त महाविद्यालयांतून वक्तृत्व स्पर्धा होतात आणि मौलानांनी ऑक्टोबर १९४७ मध्ये दिल्लीच्या जामा मशिदीत केलेले भाषण त्यांत अनेकदा ऐकायला मिळते. विद्यार्थी ते मुखोद्गत करतो, हात उंचावतो, आवाज चढवतो. सभागृह स्तब्ध होते आणि शेवटी टाळ्या पडतात. परंतु स्पर्धेची वेळ पाच-सात मिनिटांची असते. त्यामुळे भाषणाचा बहुधा पूर्वार्धच निवडला जातो, म्हणजे वक्ता श्रोत्यांना खडसावतो तो भाग. उत्तरार्ध वेळेअभावी गळतो आणि तो गळाल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

ही गळती किरकोळ नाही. पूर्वार्ध एकटा उभा राहिला तर त्याचा अर्थ बदलतो आणि उत्तरार्ध जोडला की तोच पूर्वार्ध वेगळे काम करू लागतो. वक्तृत्वकलेच्या दृष्टीने या भाषणाचे खरे यश या दोन भागांच्या सांध्यात आहे. प्रस्तुत लेखात तो सांधा तपासावयाचा आहे. त्यासाठी मौलानांचेच १९४० चे रामगढचे अध्यक्षीय भाषण सोबत घ्यावे लागेल आणि जाता जाता डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या संविधान सभेतील एका भाषणाचाही विचार करावा लागेल.

तीन साधने आणि तीन काळ

मन वळवण्याची तीन साधने ॲरिस्टॉटलने आपल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात सांगितली आणि ती आज प्रत्येक क्रमिक पुस्तकात आढळतात : वक्त्याची विश्वासार्हता, श्रोत्यांच्या भावनांना आवाहन आणि युक्तिवाद. फाराबी, इब्न सीना आणि इब्न रुश्द यांनी याच ग्रंथावर अरबीत लेखन केले आणि ‘खिताबत’ ही संज्ञा तेथून उर्दूत स्थिरावली. वर्गात मात्र या त्रयीचा उपयोग रकाने भरण्यापुरता होतो. हे वाक्य भावनेच्या रकान्यात, ते वाक्य युक्तिवादाच्या रकान्यात, अशी वाटणी झाली की विश्लेषण संपले असे मानले जाते.

ॲरिस्टॉटलच्या दोन गोष्टी या रकान्यांत हरवतात. पहिली अशी की, वक्त्यावरचा विश्वास हा भाषणातून निर्माण व्हावा लागतो, त्याच्या आधीच्या लौकिकावर तो विसंबून चालत नाही. दुसरी गोष्ट काळाविषयी आहे. न्यायालयातील भाषण घडून गेलेल्या गोष्टीबद्दल असते : दोष कोणाचा? सभेतील भाषण पुढे करावयाच्या गोष्टीबद्दल असते : आता काय करावे? स्तुती किंवा निंदेचे भाषण मुख्यत्वे वर्तमानाशी बांधलेले असते. उत्तम वक्ता हे तीन प्रकार मिसळतो खरा, पण एका काळातून दुसऱ्या काळात जाताना श्रोत्यांना सोबत नेणे हे सर्वांत कठीण काम असते. दोषारोप ऐकून घेतलेला माणूस सल्ला ऐकायला सहसा थांबत नाही, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. वर्गात रागावल्यानंतरची दहा मिनिटे त्यांना चांगली परिचित असतात.

जामा मशिदीतील श्रोते

सप्टेंबर १९४७ मध्ये दिल्ली पेटली होती. घरे सोडलेल्या हजारो मुसलमानांनी पुराना किल्ला आणि हुमायूनचा मकबरा येथे आसरा घेतला होता. तेथून अनेक जण पाकिस्तानकडे जाणाऱ्या गाड्यांची वाट पाहत होते. जे घरात राहिले होते त्यांच्याही सामानाची बांधाबांध चालू होती. मौलाना त्या वेळी केंद्र सरकारात शिक्षणमंत्री होते. म्हणजे शहाजहानच्या या मशिदीत उभा राहिलेला वक्ता सत्तेतला होता, आणि समोरचे लोक ती सत्ता आपल्याला वाचवील की नाही या शंकेत होते. मंत्रिपद येथे विश्वासाचे कारण ठरण्याऐवजी संशयाचे कारण ठरण्याचा धोका होता.

मौलानांनी मंत्रिपदाचा आधार घेतलाच नाही. त्यांनी आपली ओळख उभी केली ती न ऐकल्या गेलेल्या माणसाची. याच मशिदीत आपण पूर्वीही बोललो होतो, याची आठवण ते आरंभी देतात. तेव्हाच्या चेहऱ्यांवरची शांती आणि आजच्या चेहऱ्यांवरची मरगळ शेजारी ठेवतात. मग येतो तो प्रसिद्ध परिच्छेद. आपण हाक मारली, लिहिले, चालू पाहिले, कूस बदलू पाहिली, आणि प्रत्येक वेळी श्रोत्यांनी जीभ, हात, पाय, कंबर असा एकेक अवयव निकामी केला, असा त्याचा आशय आहे. चार लहान वाक्ये, प्रत्येकाची बांधणी एकच, पूर्वार्धात ‘मी’ आणि उत्तरार्धात ‘तुम्ही’. चौथे वाक्य संपते तेव्हा वक्त्याच्या शरीरात हलण्याजोगे काही उरलेले नसते.

येथील शब्दकळेकडे पाहण्यासारखे आहे. १९१२ मध्ये कलकत्त्याहून निघालेल्या ‘अल-हिलाल’मधील मौलानांची भाषा अरबी-फारसी समासांनी जड झालेली असे, ती समजून घ्यायला सामान्य वाचकाला आलिमाची मदत लागावी. जामा मशिदीत त्यांनी ते भांडार बरेचसे बंद ठेवले. जबान, हाथ, पाँव, कमर हे घरातले शब्द आहेत. मराठी विद्यार्थ्यालाही ते परके नाहीत. ‘कंबर’ हा त्याच फारसी ‘कमर’चा मराठीत राहिलेला भाऊ आहे. एक गंमत आणखी सांगता येईल. पुनरुक्तीला उर्दू अलंकारशास्त्रात ‘तकरार’ म्हणतात, आणि हाच शब्द मराठीत ‘तक्रार’ होऊन गाऱ्हाण्याच्या अर्थाने रुळला. या परिच्छेदात दोन्ही भाषांतील अर्थ एकाच वेळी खरे होतात. रचना तकरारीची आहे आणि आशय तक्रारीचा.

पण ही तक्रार कोणापुढे? ज्यांची घरे लुटली गेली, ज्यांची माणसे मारली गेली, त्यांच्यापुढे. ‘मी सांगत होतो, तुम्ही ऐकले नाही’ असे होरपळलेल्या माणसाला म्हणणे न्याय्य आहे काय, हा प्रश्न समीक्षकाने टाळू नये. जमावातील प्रत्येकाने मुस्लिम लीगला मत दिले होते असे नाही. त्या काळी मताधिकार मालमत्ता, शिक्षण अशा अटींनी मर्यादित होता आणि गरिबांपैकी बहुतेकांना मतच नव्हते. फाळणीच्या राजकारणाची किंमत मात्र सर्वांत आधी याच गरिबांनी मोजली. अशा श्रोत्यांना सरसकट ‘तुम्ही’ म्हणून गुन्हेगाराच्या पिंजऱ्यात उभे करणे, हा या भाषणाचा सर्वांत कमकुवत दुवा आहे. केवळ पूर्वार्ध म्हणून दाखवणारा विद्यार्थी नेमका हाच दुवा भाषणाचे सार म्हणून सादर करतो. मिश्र श्रोत्यांपुढे तर त्याचा परिणाम अधिकच विपरीत होतो. एका समाजाला त्याच्याच नेत्याने दिलेली शिक्षा इतरांनी टाळ्या वाजवून ऐकावी, असे काहीसे दृश्य उभे राहते.

‘हिजरत’ या शब्दाचे काय झाले

भाषणाच्या मध्यावर मौलाना एका शब्दाला हात घालतात. लोक दिल्ली सोडून निघाले होते आणि त्या निघण्याला ‘हिजरत’ म्हणत होते. मक्केहून मदिनेला झालेल्या प्रस्थानाचा हा शब्द. इस्लामी कालगणनाच त्यापासून सुरू होते. भीतीने घर सोडणाऱ्या माणसाला या शब्दाने मोठा आधार मिळतो, कारण पळून जाण्याचे रूपांतर त्यात धर्मकृत्यात होते. मौलाना तो आधार काढून घेतात. पवित्र नाव घेऊन जे चालले आहे ते पलायन आहे, त्याचा पुन्हा विचार करा, कोठे चालला आहात आणि का, असे ते विचारतात.

वक्तृत्वात नाव देणे ही अर्धी लढाई असते. कृतीचे नाव बदलले की तिच्यामागची कारणे आपोआप तपासली जातात. येथे युक्तिवाद, भावना आणि विश्वासार्हता अशी वाटणी करूच जाऊ नये. शब्दाचा अर्थ तपासणे हा युक्तिवाद झाला, त्यातून उत्पन्न होणारी लाज ही भावना झाली, आणि ‘तर्जुमानुल कुरआन’ लिहिणाऱ्या आलिमाने हा शब्द नाकारावा यात विश्वासार्हतेचे वजन आले. तीनही साधने एकाच वाक्यात काम करीत आहेत.

मात्र या ठिकाणी भाषण एका गोष्टीबद्दल गप्प आहे. खिलाफत चळवळीच्या काळात, १९२० मध्ये, खुद्द मौलानांनी हिजरतीच्या बाजूने फतवा दिला होता. हजारो लोक घरेदारे, जमिनी मिळेल त्या भावाने विकून अफगाणिस्तानच्या वाटेला लागले. अफगाण सरकारने थोड्याच दिवसांत प्रवेश थांबवला आणि बरेचसे लोक कंगाल होऊन परतले. वाटेत मेलेल्यांची संख्याही थोडी नव्हती. त्या फतव्याला जेमतेम २७ वर्षे झाली होती, आणि जामा मशिदीत बसलेल्या वडीलधाऱ्यांपैकी काहींना तरी ते आठवत असणार.

मौलाना आपल्या इशाऱ्यांचा हिशेब मांडतात तो मागील सात वर्षांचा, म्हणजे लाहोर ठरावापासूनचा. या चौकटीत त्यांची बाजू निर्विवाद आहे. चौकट १९२० पर्यंत मागे नेली असती तर ‘मी सांगत होतो’ या दाव्याला तडा गेला असता. वक्त्याला आपल्या भूतकाळातून निवड करण्याचा अधिकार असतो, हे मान्य. तरीही एका वाक्यात ती चूक पदरात घेतली असती तर उपालंभाची धार बोथट न होता उलट माणसाळली असती, असे वाटल्यावाचून राहत नाही. ज्याने हिजरतीचे परिणाम पाहिले, तोच आज हिजरतीला नको म्हणत आहे, ही विश्वासार्हता न ऐकल्या गेलेल्या द्रष्ट्याच्या विश्वासार्हतेपेक्षा कमी प्रतीची ठरली नसती. विशेष म्हणजे आरोप मान्य करून उंची वाढवण्याची रीत मौलानांना अपरिचित नव्हती. १९२२ मध्ये कलकत्त्याच्या न्यायालयात राजद्रोहाच्या आरोपाला उत्तर देताना त्यांनी बचाव केलाच नाही. सरकारविरुद्ध बोलणे हे आपले कर्तव्यच होते, असे सांगून आरोप स्वीकारला. ‘कौल-ए-फैसल’ या नावाने प्रसिद्ध झालेले ते निवेदन आजही त्या कबुलीमुळेच वाचले जाते. अर्थात परकीय सरकारपुढे अभिमानाने गुन्हा कबूल करणे आणि आपल्या माणसांपुढे चूक कबूल करणे, यांत दुसरे काम अधिक अवघड असते.

सांधा

हिजरतीच्या उल्लेखानंतर भाषणाचा काळ बदलतो. भूतकाळाचा जाब संपतो आणि मिनार बोलू लागतात. जामा मशिदीचे उंच मिनार श्रोत्यांना त्यांच्या इतिहासाची पाने कोठे हरवली असे विचारतात; यमुनेच्या काठावर वजू करणाऱ्या काफिल्यांची आठवण निघते. मराठी अलंकारशास्त्रात याला चेतनगुणोक्ती म्हणता येईल. पण अलंकाराचे नाव सांगून त्याचे कार्य कळत नाही. आतापर्यंत प्रश्न विचारणारा ‘मी’ होता, आणि त्या ‘मी’शी श्रोत्यांचे भांडण होते. आता प्रश्न विचारणारी इमारत आहे, जी श्रोत्यांची स्वतःची आहे. वक्ता न्यायाधीशाच्या जागेवरून खाली उतरतो आणि श्रोत्यांच्या रांगेत येऊन उभा राहतो. मिनारांपुढे दोघेही सारखेच उत्तरदायी ठरतात.

या उतरण्यामुळे पुढचा भाग शक्य होतो. तारे निखळले तरी सूर्य आहे, त्याच्याकडून किरणे घ्या. एके काळी तुम्हीच भूकंप होता, आज भूकंपाला का भिता, अशा आशयाची वाक्ये येतात आणि तीच ‘तुम्ही’ आता वेगळ्या सुरात ऐकू येते. पूर्वार्धात ‘तुम्ही’ आरोपीला उद्देशून होते, उत्तरार्धात ते वारसाला उद्देशून आहे. नव्या सत्तेकडून निष्ठेचे प्रमाणपत्र मागत फिरा असे आपण सांगत नाही, हेही मौलाना स्पष्ट करतात. मंत्रिपदावरील माणसाने हे म्हणावे याला त्या दिवसांत मोठा अर्थ होता, कारण निष्ठेचे पुरावे मागणारे आवाज बाहेर चढत चालले होते.

आणि मग ‘मी’ व ‘तुम्ही’ यांच्यामधून ‘हम’ हे सर्वनाम वर येते. हा देश आपला आहे, आपण त्याचे आहोत आणि त्याच्या भवितव्याचे मूलभूत निर्णय आपल्या आवाजावाचून अपुरे राहतील, अशी शपथ घेण्यास वक्ता सांगतो. संपूर्ण भाषण या सर्वनामाकडे चालले होते. तक्रारीतून गेल्यावाचून ही शपथ स्वस्त वाटली असती, आणि शपथेवाचून ती तक्रार क्रूर वाटते. स्पर्धेत पूर्वार्ध म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला ‘हम’ लाभतच नाही.

रामगढची इमारत

‘अपुरे’ ही कल्पना मौलानांना १९४७ मध्ये सुचलेली नव्हती. मार्च १९४० मध्ये बिहारमधील (आज झारखंडमधील) रामगढ येथे काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून बोलताना त्यांनी ती मांडली होती. आपण मुसलमान आहोत आणि इस्लामच्या तेरा शतकांच्या वारशातला लहानसा अंशही सोडायला तयार नाही. आपण हिंदुस्थानी आहोत आणि त्या अविभाज्य राष्ट्रीयत्वाचा एक घटक आहोत. आपल्यावाचून ही इमारत अपुरी राहील, असा तो विचार होता. त्यानंतर काही दिवसांतच लाहोरला मुस्लिम लीगने आपला ठराव मंजूर केला. दोन अधिवेशने, एकच आठवडा.

रामगढचे भाषण जामा मशिदीच्या भाषणाइतके म्हटले जात नाही, कारण ते पाठांतराला सोपे नाही. त्यात युद्धासंबंधीची काँग्रेसची भूमिका आहे, ब्रिटिश सरकारच्या उत्तरांची चिकित्सा आहे आणि अल्पसंख्याकांच्या प्रश्नाची सविस्तर मांडणी आहे. ही मांडणी शिक्षकांनी विद्यार्थ्यांसमोर अवश्य ठेवावी. मौलाना दोन तत्त्वे सांगतात. भावी घटनेत अल्पसंख्याकांच्या हक्कांची पूर्ण हमी असली पाहिजे, हे पहिले. कोणती संरक्षणे आवश्यक आहेत हे बहुसंख्याकांनी न ठरवता अल्पसंख्याकांनी स्वतः ठरवावे, हे दुसरे. त्यानंतर ते ‘अल्पसंख्य’ हा शब्दच तपासायला घेतात. केवळ आकडा लहान आहे म्हणून कोणी राजकीय अर्थाने अल्पसंख्य ठरत नाही. स्वतःचे रक्षण करता येणार नाही इतका जो गट दुर्बळ आहे तोच तसा ठरेल, आणि आठ-नऊ कोटींच्या समाजाला ही व्याख्या लागू होत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. ‘हिजरत’ या शब्दाबाबत सात वर्षांनी त्यांनी जे केले त्याचीच ही आधीची आवृत्ती म्हणावी लागेल. घाबरवणारा किंवा धीर देणारा शब्द घ्यावयाचा, त्याचा अर्थ मोजावयाचा, आणि तो श्रोत्यांच्या स्थितीला बसतो का हे त्यांनाच विचारावयाचे, ही त्यांची कायमची पद्धत होती.

या युक्तिवादातही एक फट आहे. आठ-नऊ कोटींचा आकडा अखंड हिंदुस्थानचा होता. जामा मशिदीतील श्रोते १५ ऑगस्ट १९४७ नंतरच्या देशात बसले होते, आणि त्यांचे प्रमाण घटले होते. संख्येवर आधारलेला धीर आता देता येत नव्हता. म्हणून जामा मशिदीत आकडा येत नाही. त्याच्या जागी इतिहास, इमारत आणि वारसा येतात. ‘अपुरे’ ही कल्पना टिकली, तिचा आधार बदलला. एकाच वक्त्याच्या दोन भाषणांतून ही हालचाल दाखवता आली तर ‘श्रोतृवर्गाचे भान’ हा क्रमिक पुस्तकातला कोरडा मुद्दा विद्यार्थ्याला आपोआप कळतो.

एक तुलना

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत केलेले भाषणही स्पर्धांतून असेच तुकड्यांत ऐकायला मिळते. विसंगतींनी भरलेल्या जीवनात आपण प्रवेश करीत आहोत, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता असेल, हा तुकडा सर्वांना ठाऊक असतो. या तुकड्याच्या आधी काय आहे? आकडे आहेत. सभेच्या कामाला २ वर्षे ११ महिने १७ दिवस लागले; ३९५ अनुच्छेद, ८ परिशिष्टे; ७,६३५ दुरुस्त्या आल्या, २,४७३ मांडल्या गेल्या. विलंबाचा आरोप करणाऱ्यांना अमेरिकेचे चार महिने आणि ऑस्ट्रेलियाची नऊ वर्षे दाखवली जातात, आणि त्या घटना किती लहान होत्या हेही सांगितले जाते. नंतर श्रेयाची वाटणी होते : बी. एन. राव, एस. एन. मुखर्जी, आणि सभागृहात सतत विरोध करणाऱ्या सदस्यांचाही नामोल्लेख. त्यांच्यामुळे चर्चेत जीव आला, असे विरोधकांबद्दल म्हटले जाते. हा सगळा भाग पाठांतराला निरुपयोगी आणि वक्तृत्वाच्या दृष्टीने अनमोल आहे. हिशेब चोख ठेवणारा आणि विरोधकाला श्रेय देणारा माणूस पुढे जेव्हा देशाला इशारा देतो, तेव्हा तो ऐकला जातो. ॲरिस्टॉटलचे म्हणणे येथे शब्दशः खरे होते : विश्वास भाषणातच कमावला गेला आहे.

याच भाषणात स्वातंत्र्य पूर्वी कसे गमावले गेले याची उदाहरणे आहेत. सिंधवरील मुहम्मद बिन कासिमची स्वारी आणि दाहिरच्या सरदारांनी घेतलेली लाच, जयचंदाने घोरीला दिलेले आमंत्रण, शिवाजी महाराज लढत असताना मोगलांच्या बाजूने उभे राहिलेले इतर मराठे सरदार आणि रजपूत राजे. या यादीत दोष आक्रमकावर ठेवलेला नाही. प्रत्येक उदाहरणाचे बोट घरातल्या फितुरीकडे आहे. हा परिच्छेद म्हणताना विद्यार्थ्याने कासिम आणि घोरी या नावांवर जोर दिला आणि ‘लाच’, ‘आमंत्रण’ हे शब्द उरकले, की भाषणाचा अर्थ उलटा होतो. शब्द तेच, आघात वेगळा. मुसलमान विद्यार्थी त्या सभागृहात असेल तर तो काय ऐकून घरी जातो, याचा विचार परीक्षकाने करावयास हवा. गुणपत्रिकेत ‘आवाजातील चढउतार’ असा रकाना असतो. चढ कोणत्या शब्दावर आणि उतार कोणत्या, हे त्यात विचारलेले नसते.

दोन्ही भाषणांतील फरकही ध्यानात घेण्याजोगा आहे. आंबेडकर आकड्यांकडून इशाऱ्याकडे जातात, मौलाना उपालंभाकडून शपथेकडे. एकाचा श्रोता सभासद आहे, त्याला उद्याही काम करावयाचे आहे. दुसऱ्याचा श्रोता उद्या या शहरात असेल की नाही याचीच शाश्वती नाही. एकाच मोजपट्टीने दोघांना मोजून ‘अधिक प्रभावी कोण’ असा निकाल देण्यात काही हशील नाही.

मौलानांच्या भाषणामुळे दिल्लीचे मुसलमान थांबले, असे विधान त्यांच्या जयंतीला हमखास केले जाते. ते जपून करावे. लोक थांबले किंवा परतले यामागे बंदोबस्त होता, छावण्यांत काम करणारे कार्यकर्ते होते आणि १३ ते १८ जानेवारी १९४८ या काळातील गांधीजींचे उपोषण होते, ज्याच्या अटींत मुसलमानांना दिल्लीत निर्भयपणे फिरता यावे हीही एक अट होती. निघालेल्या माणसाला जे थांबण्याचे कारण म्हणून सांगता येईल असे काही त्या भाषणाने पुरवले, एवढे मात्र निश्चित म्हणता येते. वक्तृत्वाकडून याहून अधिक मागणेही बरे नव्हे.

आपला की आमचा

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या शिक्षकाला येथे एक वेगळी संधी आहे. मौलाना श्रोत्यांना ‘तुम’ म्हणतात, ‘आप’ म्हणत नाहीत. मराठीत ‘तुम्ही’ लिहिले की आदर येतो आणि जवळीक थोडी कमी होते. ‘तू’ लिहिता येत नाही, कारण समोर जमाव आहे. ही अडचण लहान आहे, तिला उपाय नाही आणि तिच्यावाचून फारसे बिघडतही नाही.

खरी अडचण ‘हम’ची आहे. उर्दूत ‘हम’ एकच. मराठीत दोन : ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारे ‘आपण’. मौलानांच्या शपथेचे भाषांतर ‘हा देश आमचा आहे’ असे केले तर तो कोणाविरुद्ध तरी केलेला दावा होतो. ‘हा देश आपला आहे’ असे केले तर समोर बसलेला माणूस त्यात येतो. मशिदीतील श्रोत्यांपुरते पाहिले तर ‘आपला’ हेच बरोबर आहे, कारण वक्ता आणि श्रोते मिळून तो ‘हम’ तयार होतो. पण मशिदीच्या बाहेर जे ऐकत होते, त्यांच्यासाठी त्याच वाक्यात ‘आमचाही’ अशी छटा होती, आणि रामगढच्या भाषणाची आठवण असलेल्याला ती ऐकू येणारच. मराठी भाषांतरकाराला यांपैकी एक निवडावे लागते. उर्दूने जे मोघम ठेवले ते मराठी ठेवू देत नाही. संविधानाच्या प्रास्ताविकेच्या मराठी पाठात ‘आम्ही’ हे सर्वनाम आहे. ते कोणाला वगळते, असा प्रश्न व्याकरणाच्या तासाला एखादा चौकस विद्यार्थी विचारतो आणि तास तेथेच रंगतो.

पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात हा पाठ घेताना भाषणाचे दोन्ही भाग द्यावेत, पण ‘हम’ असलेली वाक्ये कोरी सोडावीत आणि ती विद्यार्थ्यांकडून मराठीत लिहून घ्यावीत. काही जण ‘आमचा’ लिहितील, काही ‘आपला’. दोन्ही गटांना आपापले वाक्य मोठ्याने म्हणायला सांगावे, आणि ते म्हणताना वर्गात कोणाकडे पाहून म्हटले गेले, एवढेच फळ्यावर नोंदवावे.